डोलीचा अर्ज

लालबाग, ६ डिसेंबर १९५९

मालन,

नाय, हाराची हौस मला कधीच नव्हती. दौलतने जबरदस्तीने गळ्यात घातला. झेंडूच्या हारात मुंग्या असतात, दोन दिवस मान खाजवतोय. सावरतळ ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस झालो मी. चौथी शिकलेला. दौलतला उभं राहून बोलता येतं म्हणून तो अध्यक्ष. मला बसून लिहिता येतं म्हणून मी चिटणीस. झालं, एवढंच.

कामाचं लिहितो. गेल्या मे महिन्यात गावी आलो तेव्हा बघितलं. मोटार येते ती खाली फाट्यापर्यंत. गावापासून फाटा चार मैल, त्यात ती घाटी. तिथे बैलगाडी चालत नाय. तरणा माणूस उतरून जातो. म्हातारं, पांगळं, आंधळं माणूस दवाखान्यात जाणार कसं? आपल्या लहानपणी डोली होती. एक बांबू, एक झोळी, दोन खांद्याला, दोन बदलीला. आता डोली देवळाच्या माळ्यावर पडलीय, कारण उचलायला गावात माणूसच नाय. सगळे खांदे हितं मुंबईत. आपल्या गावच्या गाळ्यात एका खोलीत बावीस जण पाळीपाळीने झोपतात. गिरणीचा भोंगा झाला की एक उठतो, त्याच वळकटीवर दुसरा पडतो.

मंडळात दौलत म्हणाला, देवळाला नवा कळस बसवू. मी म्हटलं, कळसाला हात जोडायला येणार कोण, तू? म्हातारी तर उंबऱ्याच्या आत अडकलीत. जिल्ह्याच्या बोर्डाला अर्ज करू. रस्ता मागितला तर आपली नातवंडं म्हातारी होतील. डोली मागू. चार माणसं सरकारी पगारावर, आठवड्यातून दोन दिवस. ज्याला चालवत नाय त्याला फाट्यापर्यंत न्यायचं नि परत आणायचं. मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या त्या काय नकाशावर नुसती रेघ ओढायला? राज्य आपलं पायजे तर आपली म्हातारी पण त्यात पायजेत.

तू यादी कर. नाव, वय, काय झालंय ते. तुझे मास्तर नवरा म्हणून तुला लिहायला शिकवून गेले ते काय नुसत्या लग्नपत्रिका वाचायला? आणि लवकर कर. चैत्रात तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागणार. मोठे डॉक्टर येणार, ऑपरेशन फुकट. त्याच्या आत डोली उठली पायजे. शिबिर गेलं की ज्यांचे डोळे जायचेत ते गेले.

कुशाबा

सावरतळ, २ जानेवारी १९६०

ती. दादास मालनचा नमस्कार.

घरोघर जाऊन यादी केली. जाईबाई, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे. म्हणाली, "मुंबैवाल्यांनु, झोळीत घालून न्या, पण वाटेत दमलात म्हणून घाटीत ठेवून जाऊ नका." वजन भरू नये म्हणून आतापासून रात्रीची भाकरी सोडलीय. रखमाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुनेला विचारते, "कोण गो बाय तू?" सून म्हणते, मुद्दाम विचारते. दगडूचा बाप, एक पाय गुडघ्याखाली नाही. तो म्हणाला, "माझा पोरगा तुमच्या गाळ्यात गिरणीतल्या बदलीच्या कामाची वाट बघत बसलाय. दुसऱ्याच्या पोराने मला कशाला उचलायचं?" बाकीची नावं सोबतच्या कागदावर आहेत. एकूण अकरा. त्यांतले पाच डोळ्यांचे.

मी बरी आहे. थंडी फार. परवा पोस्टमनला चहा दिला, त्यात साखरेऐवजी मीठ पडलं. भला माणूस, न बोलता प्यायला. हल्ली त्याच्याकडूनच तुझी पत्रं वाचून घेते. तुझं अक्षर कळत नाही. माझ्या अक्षराकडे बघू नकोस, टाक जाड झालाय.

मालन

लालबाग, १७ जानेवारी १९६०

मालन,

यादी पोचली. एका कागदावर सात ओळी? अक्षरं काढतेस की लाडू वळतेस? टाक जाड झाला तर बदल. आणि माझं अक्षर कळत नाय म्हणे. जन्मभर कळलं ते. मास्तरीण झालीस म्हणून नखरे नकोत.

अर्ज गेला. दौलतला त्यात उपरोक्त नि विदित व्हावे घालायचं होतं. मी म्हटलं, सरळ बोलू. असं लिहिलं: "आमच्या गावातील खालील अकरा जणांना डोलीत बसवून न्यायचे आहे. डोलीची डागडुजी व चार माणसे सरकारी खर्चाने मिळावीत. चैत्रातला मुहूर्त चुकू नये." दौलत तोंड पाडून बसला. अध्यक्षाचं एक तरी वाक्य असावं म्हणाला. म्हटलं घाल बाबा शेवटी एक. त्याने घातलं: "हे मंगल कार्य आपल्या कृपेने तडीस जावे." असू दे. एका वाक्याने काय होतंय?

कुशाबा

लालबाग, २० फेब्रुवारी १९६०

मालन,

काय होतंय ते बघ. बोर्डाचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो:

"सामुदायिक विवाहाकरिता डोली पुरविण्याची तरतूद या कार्यालयात नाही. तसेच अर्जात वधूंची वये चुकीची नोंदलेली दिसतात. कळावे."

समजलं? डोली, मुहूर्त, मंगल कार्य. कारकून कुठलातरी घाटावरचा, त्याच्याकडे डोली म्हणजे नवरीची. अकरा वधू! जाईबाई वधू! दगडूचा बाप मिशांसकट वधू!

मी गाळ्यात मोठ्याने वाचलं, तीच चूक झाली. तिसऱ्या पाळीचे झोपलेले उठून बसले नि हसायला लागले. आता जिन्यात जो भेटतो तो विचारतो, "कुशाबा, अक्षता कधी?" परळच्या नाक्यावरचा पानवाला पण विचारतो. दौलत तर चार दिवस माझ्यासमोर आलेला नाय.

हसतात हसू देत. शिबिराची तारीख लागली, दहा एप्रिल. हातात दीड महिना. नवा अर्ज केला तर तो पण त्याच टेबलावर जाणार. मंडळातले म्हणतात, सोड आता, कळस करू. मी सोडणार नाय. पण काय करू ते सुचत पण नाय. तुला सुचलं तर लिही. बारीक लिही.

कुशाबा

सावरतळ, २८ फेब्रुवारी १९६०

ती. दादास मालनचा नमस्कार.

पोस्टमनने तुझं पत्र ओट्यावर वाचलं आणि वाचता वाचता खाली बसला. मी विहिरीवर सांगितलं. जाईबाई म्हणाली, "वय चुकलं तर चुकलं, नवरा कोण ते विचार." रखमा म्हणाली, "कसा का असेना, मला कुठे दिसतोय?" बायांनी घागरी खाली ठेवल्या. दोन वर्षांत या गावात एवढं हसू आलं नव्हतं. त्या कारकुनाचं देव भलं करो.

आता माझं ऐक. मागे सत्तावन साली निवडणूक झाली, आपल्या शाळेत मतं घेतली. मतांची पेटी घाटीतून नेणार कशी म्हणून सरकारनेच डोली काढायला लावली. आपलीच डोली, देवळाच्या माळ्यावरची. पलीकडच्या गावातून चार माणसं आणली. झोळीत पेटी बसली, बाजूने पोलीस चालला, वर कुणीतरी छत्री धरली. अशी मिरवत गेली की बाया दारात बघायला आल्या. त्या चौघांना सरकारने मजुरी दिली. त्यांना लिहिता येत नव्हतं, पावती मी लिहिली, त्यांनी अंगठे केले, साहेबाने सही ठोकली. तिची एक प्रत मास्तरांच्या ट्रंकेत आहे. तीच या पाकिटात घातलीय.

म्हणजे सरकारला डोली ठाऊक आहे. तेव्हा कुणाचं लग्न होतं ते विचार त्यांना.

मालन

लालबाग, ६ मार्च १९६०

मालन,

पावती मिळाली. बघताक्षणी उडालोच. "डोली एक, माणसे चार, मतपेटी एक, सावरतळ ते फाटा." खाली शिक्का. याच्यापुढे कुठला कारकून बोलेल?

मग तुझं पत्र तिच्या शेजारी ठेवलं.

पावतीवरचं अक्षर तुझंच ना? तांदळाच्या दाण्यासारखं. सरळ ओळीत. आणि पत्रातलं हे बोराएवढं, ओळ कुठे चढलीय, कुठे उतरलीय, एक शब्द दुसऱ्यावर बसलाय. तीन वर्षांत टाक इतका जाड होतो?

चहात मीठ. पोस्टमन पत्र वाचतो. माझं अक्षर कळत नाय.

मे महिन्यात मी पंधरा दिवस तुझ्या हातचं जेवलो. तू ताट वाढायचीस तेव्हा बोटाने काठ चाचपायचीस. मला वाटलं, ताट धुतलंय का बघतेस. आणि वर लाडू वळतेस म्हणून तुला बोललो.

यादीत अकरा नावं का? बारावं कुठाय? खरं लिही. पोस्टमनला वाचायला देऊ नको असं पण म्हणवत नाय, कारण दुसरं वाचणार कोण.

दादा

सावरतळ, १३ मार्च १९६०

ती. दादास मालनचा नमस्कार.

पोस्टमनने तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अडखळत.

उजव्या डोळ्याने फक्त उजेड कळतो. डाव्याने हे लिहिते आहे, कागदाला नाक लावून. घरातलं सगळं हाताला पाठ आहे, म्हणून तुला कळलं नाही. तुझी चूक नाही. मी कळू दिलं नाही.

नाव मुद्दामच घातलं नाही. चिटणिसाची बहीण यादीत दिसली की गावात नि गाळ्यात एकच बोलतील, कुशाबाने आपल्या घरासाठी सगळं केलं. मग जाईबाईचे गुडघे नि रखमाचे डोळे त्यात वाहून जातील. त्या अकरांचं होऊ दे. माझं पुढच्या शिबिराला बघू.

नाव घालू नकोस. तुला माझी शपथ.

मालन

लालबाग, ३० मार्च १९६०

मालन,

शपथ मोडली. भांडायचं असेल तर डोळे बरे झाल्यावर भांड.

पत्राने होणारं काम नव्हतं, म्हणून आगबोट पकडून मीच जिल्ह्याला गेलो. दगडूला बरोबर घेतला. दौलतला नाय, तो भाषण करेल. बोर्डाच्या दारात पाटी वाचून विचारलं तर कारकून मान वर न करता म्हणतो, "कुठलं गाव?" म्हटलं, "सावरतळ." मान वर झाली. "ते लग्नवाले?" बाजूची तीन टेबलं हसली.

मी म्हटलं, "हो, लग्नवाले. साहेबांना भेटायचंय. आमंत्रण द्यायचंय."

साहेब वयस्क. काय हवंय म्हणाला. मी पावती टेबलावर ठेवली. म्हटलं, "साहेब, आमच्याकडे आजाऱ्याला नेतात त्या झोळीला डोली म्हणतात. ही बघा, सरकारने स्वतः भाड्याने घेतली होती. आता एवढंच सांगा, त्या पेटीचं लग्न कुणाशी लागलं?"

साहेबाने पावती वाचली. मग आमचा अर्ज मागवला नि वाचला. मग कारकुनाचं उत्तर वाचलं. मग चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून, बरं का. कारकून भिंतीला चिकटला.

पण हसून झाल्यावर म्हणाला, "निवडणूक हे सरकारी काम आहे हो. म्हातारी माणसं नेणं वेगळं."

मग मला राहवलं नाय. म्हटलं, "त्या पेटीत मतं कुणाची होती? ह्याच लोकांची. ह्या जाईबाईला त्या दिवशी दोघींनी धरून शाळेत आणली, तिने मत टाकलं. तिचं मत चार जणांच्या खांद्यावरून गेलं, डोक्यावर छत्री धरून. मताला खांदा मिळतो. मत देणारीला नाय?"

साहेबाने पावती पुन्हा हातात घेतली. मग कारकुनाला म्हणाला, "दुर्गम वस्ती वाहतूक, ते बाड आण." बाड आलं, त्यावर धूळ. साहेब म्हणाला, "हे कलम आहे. गेल्या वर्षी कुणी मागितलंच नाही." मागितलं नाय कारण कुणाला सांगितलंच नाय, पण तेवढं मी गिळलं. जिंकत असताना तोंड आवरावं लागतं.

सही करायला घेतली तेव्हा म्हणाला, "अकरा ना?" मी म्हटलं, "बारा. बारावं मी इथेच बसून लिहितो." आणि लिहिलं. मालन, वय चोपन्न, दोन्ही डोळे. साहेब म्हणाला, "ही कोण?" म्हटलं, "माझी बहीण. यादी तिने केली नि स्वतःचं नाव गाळलं. पावतीवरचं अक्षर तिचं. आणि हे पण तिचंच." तुझं शेवटचं पत्र पुढे ठेवलं. त्याने दोन्ही अक्षरं बघितली. सही केली.

मंजूर. एक वर्षाला, पुढे वाढवता येईल. डोलीची डागडुजी, चार माणसं पगारी, मंगळवार नि शुक्रवार. शिबिराच्या आधीचे तीन दिवस वेगळे, सगळ्यांची ने-आण होईस्तोवर. दगडूने तिथल्या तिथे पहिलं नाव आपलं दिलं. चार वर्षं बदलीच्या दारात उभा राहून कंटाळला होता. मुंबईहून गावाला पगार घ्यायला जाणारा आपल्या गावचा पहिलाच.

गाळ्यात येऊन सांगितलं, तर तिसरी पाळी पुन्हा उठून बसली. ह्या वेळेला हसली नायत. थाळ्या वाजवल्या. चिटणिसाच्या बहिणीचं नाव आहे हे मीच सगळ्यांत आधी सांगितलं. दौलत म्हणाला, "ते नसतं तर मी राजीनामा दिला असता." पहिल्यांदा बरं बोलला.

सात तारखेपासून डोली निघेल, तुझ्या दारात पण येईल. बस त्यात. नाटकं नकोत.

दादा

लालबाग, २ मे १९६०

मालन,

महिना झाला, पत्र नाय. ऑपरेशन झालं एवढं दगडूच्या निरोपावरून कळलं. कसं झालं ते त्याला सांगता आलं नाय. माझ्या म्हणण्याचा अर्थ असा नाय की मी वाट बघतोय.

हितं परवापासून झोप नाय. महाराष्ट्र झाला. लालबागेत दिव्यांच्या माळा, ढोल, गुलाल. गाळ्याच्या दारात तोरण. मला खांद्यावर घेत होते. म्हटलं, खाली ठेवा, खांदे फुकट घालवू नका.

पोस्टमनकडून दोन ओळी लिहून घ्यायला काय जातं?

दादा

सावरतळ, २९ मे १९६०

ती. दादास मालनचा नमस्कार.

पोस्टमन लिहून द्यायला तयार होता, मीच नको म्हटलं. स्वतः लिहीन तेव्हाच पत्र पाठवायचं असं ठरवलं होतं. परवा चष्मा आला. भिंगं दिव्याच्या काचेसारखी जाड आहेत, नाकावरून घसरतात. पण दिसतं. हे अक्षर बघ आणि बोल काय बोलायचं ते.

आता सगळं सांगते. सात तारखेला पहाटे डोली देवळातून निघाली. पहिली जाईबाई. बायांनी तिला धरून तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, म्हणाल्या, बोर्डाचं म्हणणं खोटं पडायला नको. ती म्हणाली, "बांधा, पण घट्ट बांधा, घाटीत सुटल्या तर अपशकुन." दगडू पुढच्या बांबूला. त्याच्या बापाची पाळी आली तेव्हा म्हातारा झोळीत बसेना. "पोराच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो," म्हणाला. दगडू म्हणाला, "आबा, ही यायची-जायची आहे. परतीचं पण माझ्याच गळ्यात." तेव्हा बसला.

फाट्यावर मोटार थांबून होती. ड्रायव्हरने मुंडावळ्या बघून विचारलं, "आजी, नवरा कुठाय?" जाईबाई म्हणाली, "तेच बघत्ये, तुझ्या मोटारीत कुणी बरा बसलाय काय." अख्खी मोटार हसली आणि पुढची जागा तिला मिळाली.

तीन दिवसांत बारा जण उतरले. मी शेवटची. झोळीत पडून वर बघितलं तर नुसता हिरवा-पांढरा धूर. परत येताना पट्टी होती. परवा चष्मा लावून दगडूबरोबर पायीच घाटीत जाऊन उभी राहिले. झाडांना पानं असतात दादा, वेगवेगळी. मी विसरले होते.

रखमाला पण दिसतं. सुनेकडे बघून पहिलं काय बोलली, "बाय, तू एवढी काळी?" सून आता म्हणते, आधीच बरं होतं.

डोली अजून चालू आहे. दर मंगळवारी, शुक्रवारी. पलीकडच्या दोन गावांतून माणसं विचारायला आली. म्हणतात, तो लग्नाचा अर्ज कसा लिहायचा ते सांगा. मी लिहून दिला. डोलीपुढे "आजारी व पंगू माणसांची" असं घातलं. मुहूर्त काढून टाकला.

चष्मा आल्यावर पहिलं काय वाचलं असेल? त्या कारकुनाचं उत्तर. "वधूंची वये." मग तुझी सगळी पत्रं वाचली, माझी मीच. तुझं अक्षर खरंच वाईट आहे.

हे पत्र हातात पडल्यावर तुला काय वाटलं ते लिही. खरं लिही. मी खरं लिहिलं होतं.

मालन

लालबाग, ५ जून १९६०

मालन,

पत्र मिळालं. एका कागदावर सव्वीस ओळी. एवढं बारीक लिहायचं काय अडलं होतं? मला दौलतचा चष्मा मागावा लागला.

त्या दोन गावांचे चिटणीस हितं आले होते, एक कॉटन ग्रीनचा, एक माहीमचा. तुझा अर्ज दाखवला. चांगला लिहिलायस. मंगल कार्य नाय त्यात, बरं केलंस. आता पुढच्या वर्षाची वाढ मागायचीय, त्याचा पण तूच लिही. मी सही करीन.

मंडळ माझा सत्कार करणार होतं. हार आणला होता. मी जिन्यातून परत गेलो. तो हार त्यांनी डोलीच्या बांबूला बांधायला दगडूकडे पाठवलाय. पोचला तर बांध. मुंग्या आधी झटक.

पत्र उघडल्यावर काय वाटलं ते विचारतेस. पाकीट मी गाळ्यात उघडलं. पाळी बदलायची वेळ होती, वीस जण होते खोलीत. त्यांनी तुला काय सांगितलं तर ऐकू नकोस. दौलतचा चष्मा ओला का झाला ते त्याला पण विचारू नकोस.

मी सांगणार नाय. विचारायचं नाय. संपलं.

दादा